ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल : किती तासांनी, कोणते?

काटोलच्या संत्रापट्ट्यात ट्रॅक्टर रस्त्यावर कमी आणि बागेत जास्त चालतो. फवारणीच्या ब्लोअरला पीटीओ जोडला की किलोमीटर फारसे वाढत नाहीत, इंजिन मात्र भाराखाली फिरत राहते. म्हणून ऑइल बदलण्याचा हिशेब अवरमीटरवरच ठेवावा. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बहुधा ५० तासांनी आणि पुढे साधारण २५० तासांनी, फिल्टरसह बदलतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरावा. काम कमी झाले तरी वर्षातून एकदा बदल हवाच. धुळीत रोटाव्हेटर चालत असेल, तर थोडे आधीच बदलणे शहाणपणाचे.

डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. खरी धोक्याची खूण वेगळी. डिपस्टिकवर दुधाळ थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलेले असते. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन गळते आहे.

सिंथेटिक ऑइल उष्णतेत कमी बिघडते आणि कडाक्याच्या थंडीत सहज वाहते. काटोलला तशी थंडी नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तरी पुस्तिकेत सांगितलेले १५डब्ल्यू-४० दर्जाचे साधे ऑइल वेळेवर बदलले तर पुरते. एअर फिल्टरमधून आत गेलेली माती महागडे सिंथेटिकही नाहीशी करू शकत नाही. काढलेले ऑइल धुऱ्यावर किंवा नाल्यात कधीही ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाला द्यावे.