गोटी का थांबते?

तिसरीच्या एका वर्गात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. 'ढकलणे आणि ओढणे' हा पाठ चालू होता. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते आणि मुले भराभर सांगत होती. दार लोटतो, हातगाडी ढकलतो, विहिरीतून पोहरा ओढतो. एका मुलीने जात्याचे नाव घेतले आणि वर्ग अडला. जाते ढकलतात की ओढतात? तिने उठून हात फिरवून दाखवला. खुंटा पलीकडे जाताना ढकलायचा, अलीकडे येताना ओढायचा. बाईंनी जाते दोन्ही रकान्यांत लिहिले.

मग मी एक गोटी काढली आणि टिचकी मारून फरशीवर सोडली. "आता हिला कोण ढकलतंय?" एक मुलगा म्हणाला, "तुमच्या बोटाचा जोर तिच्यात गेलाय. तो संपला की ती थांबेल." गोटी थांबली. मी त्याला "चूक" म्हणालो आणि जडत्वाची व्याख्या सांगितली. मुलगा खाली बसला, तो पुन्हा काही बोलला नाही. चूक माझी होती, हे मला परतीच्या वाटेवर उमगले.

त्या मुलाचे उत्तर किती जुने आहे पाहा. फेकलेली वस्तू हातातून सुटल्यावर पुढे का जाते, हा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता. वस्तूभोवतीची हवाच तिला पुढे ढकलत असावी, असे त्याचे उत्तर होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते नाकारले. फेकणारा आपला जोर वस्तूत घालतो आणि तो हळूहळू संपतो, असे त्याने मांडले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने त्यात मोठी सुधारणा केली. त्याच्या मते हा जोर आपणहून संपत नाही. हवेचा विरोध आणि वस्तूचे वजन तो संपवतात. पुढे गॅलिलिओ आणि 1687 साली न्यूटन यांनी या विचाराला आजचे रूप दिले. म्हणजे आमचा तिसरीतला मुलगा फिलोपोनसच्या पायरीवर होता. त्याला एकदम न्यूटनकडे ओढत नेण्यापेक्षा बुरिदाँच्या पायरीवर आणणे सोपे आहे आणि ते वर्गात जमते.

त्यासाठी लागतात एक गोटी, पन्हळीसारखा दुमडलेला पुठ्ठा, दोन पुस्तके, एक सतरंजी आणि एक गोणपाट. पुठ्ठ्याचे एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार करा. उतारावर पेन्सिलीने खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून गोटी नुसती सोडा. टिचकी मारू नका, कारण दोन टिचक्या कधीच सारख्या नसतात. आधी फरशीवर, मग सतरंजीवर, मग गोणपाटावर गोटी कुठवर जाते ते मुलांना वितीने मोजू द्या. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजा. सोडण्यापूर्वी "कुठे थांबेल?" हे विचारून खडूने खुणा करून घ्यायला विसरू नका. अंदाज बांधलेले मूल निकालाकडे वेगळ्या नजरेने पाहते.

आता प्रश्न विचारा. उतार तोच, गोटी तीच, तेव्हा खाली पोचलेल्या गोटीतला 'जोर'ही तोच. तो आपोआप संपत असेल, तर सगळीकडे सारखाच टिकायला हवा. मग गोणपाटावर तो लवकर का संपला?

काही दिवसांनी त्याच वर्गात जाऊन मी हा प्रयोग केला. तोच मुलगा बराच वेळ गोणपाटावर हात फिरवत बसला आणि म्हणाला, "यानं खाल्ला." बुरिदाँला जे म्हणायचे होते ते हेच. थांबणे हेही कोणीतरी घडवून आणावे लागते, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सापडले. (घरंगळणाऱ्या गोटीला होणारा विरोध आणि घसरणाऱ्या वस्तूचे घर्षण यांत फरक आहे, पण तो तिसरीत नको.)

मग 'जोर' हा शब्द चुकीचा का? मुलाला जे जाणवते ते खरे आहे. गोटीत काहीतरी आहेच. मोठ्या वर्गात त्याला आपण संवेग म्हणतो. फक्त ते बल नव्हे. बल दोन वस्तूंमध्ये घडते, ते एकाच वस्तूत साठवून ठेवता येत नाही. बोट गोटीला टेकलेले असते तेवढ्याच वेळापुरता बोटाचा धक्का असतो. पुढे गोटीपाशी वेग असतो, धक्का नसतो. लहान वर्गात व्याख्या सांगण्याऐवजी दर वेळी तीन प्रश्न विचारावेत : कोण ढकलते? कोणाला? केव्हापर्यंत? चुंबक न टेकताच ओढतो, पण तेथेही ओढणारा दाखवता येतो. धावत्या गोटीला पुढे ढकलणारा मात्र दाखवता येत नाही.

'बल म्हणजे वस्तूला हलवणारे ते' हे वाक्यही टाळलेले बरे. मुलांना भिंत ढकलायला लावा. हात दुखतात, भिंत हलत नाही. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जीव खाऊन ओढतात आणि दोर जागच्या जागी राहतो. बल आहे, पण हालचाल नाही. गोटीच्या बाबतीत हालचाल आहे, पण पुढे ढकलणारे बल नाही. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की बल आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना दिसू लागते.

या वयात एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. 1982 साली जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्यावरची बले दाखवायला सांगितली. हात सुटल्यावरही नाण्यावर वरच्या दिशेने बल आहे, असे बहुतेकांनी दाखवले. (हवेचा विरोध सोडला, तर तेथे फक्त पृथ्वीची ओढ असते.) व्याख्या त्यांनी पाठ केल्या असतील, पण तिसरीतला 'जोर' मनातून गेला नव्हता, कारण तो कोणी कधी बाहेर काढून तपासलाच नव्हता.

तास संपताना मी विचारले, "फरशी याहून गुळगुळीत केली तर?" "अजून लांब जाईल." "आणि काहीच खाणारं नसेल तर?" मुलगा गोटीकडे पाहत राहिला. घंटा झाली. या वेळी मी व्याख्या सांगितली नाही.