आधी ओळख, मग फवारणी

कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात येणारा शेतकरी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: कोणतं औषध मारू? प्रश्न रास्तच आहे. उभं पीक डोळ्यांदेखत खाल्लं जात असताना माणूस दुसरं काय विचारणार? पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या या विभागांचं मोल नुसत्या औषधांच्या शिफारशींवर ठरवलं, तर त्यांचं मूळ काम नजरेआड होतं. ते काम म्हणजे किडीची नेमकी ओळख पटवणं. औषधं येतात, काही वर्षांत निकामी होतात, काहींवर बंदी येते आणि शिफारशी बदलतात. ओळखच चुकली, तर मात्र पुढचा सगळा खर्च मातीत जातो.

ही ओळख कशी पटते, हे कीटक संग्रहाच्या पेट्यांपाशी कळतं. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध टोचत नाहीत, उजव्या पंखकवचातून टोचतात. त्या बाजूला छेद गेला तरी डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते. त्याच टाचणीत खाली एक इवलीशी चिठ्ठी असते: गाव, तारीख, पीक, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला कीटक कितीही देखणा असला तरी पुरावा म्हणून उभा राहत नाही. काही पतंगांच्या दोन जाती पंखांवरून अगदी सारख्या दिसतात. मग पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून जननेंद्रियांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पिठ्या ढेकणाचं काम तर आणखी किचकट. त्याच्या अंगावरचं मेण धुवायचं, त्याला रंग द्यायचा, काचपट्टीवर बसवायचं आणि मग कातडीवरची सूक्ष्म छिद्रं तपासायची. दहा लाखांच्या आसपास कीटकजातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्यांतलं एक नाव खात्रीने सांगायला नजर तयार व्हावी लागते आणि ती एका हंगामात तयार होत नाही.

एवढा खटाटोप नावासाठी कशाला, असं कुणाला वाटेल. पपईवरच्या पिठ्या ढेकणाने त्याचं उत्तर दिलं आहे. 2008 मध्ये तो भारतात प्रथम कोइमतूरला नोंदला गेला. वरवर पाहता तो इतर पांढऱ्या ढेकणांसारखाच दिसतो, पण नाव निश्चित झालं आणि तो मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हे उघड झालं. किडीचं माहेर कळलं की तिचा वैरीही सापडतो. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले गेले. त्यांतला ॲसेरोफॅगस पपायी मिलिमीटरभरही लांब नाही, तरी तो सर्वाधिक कामाचा ठरला. चुकीच्या नावावर विसंबून भलताच कीटक आणला असता, तर ढेकूण होता तिथेच राहिला असता.

आपल्याकडच्या ऊसपट्ट्याने हेच दुसऱ्या बाजूने अनुभवलं. 2002 मध्ये सांगली भागात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पानं पांढरी पडली. या माव्यावर जगणारी कोनोबाथ्रा ही स्वतः एक अळीच आहे. अळी दिसली की मारायची, ही सवय इथे थेट नुकसान करणारी होती. कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक ओळखता आले, म्हणूनच ते असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेता आली. माव्याचा जोर ओसरण्यात या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो: नाव ठरेपर्यंत पीक थांबत नाही. पण वेळेवर पटलेल्या ओळखीने वेळ वाचतो, हे मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीने दाखवलं. मे 2018 मध्ये शिवमोग्ग्याच्या कृषी व उद्यानविद्या विद्यापीठातल्या संशोधकांना ती सापडली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. नाव पक्कं होताच अमेरिकेतला जुना आणि आफ्रिकेतला 2016 पासूनचा अनुभव हाताशी आला. मोठी अळी पोंग्यात विष्ठेच्या बुचाआड बसते, तेव्हा लहान असतानाच गाठायला हवी आणि फवारा थेट पोंग्यात पडायला हवा, हे नव्याने शोधत बसावं लागलं नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे: मोबाइलवर फोटो काढला की नाव मिळतं, डीएनए तपासता येतो, मग पेट्या कशाला सांभाळायच्या? लष्करी अळीपुरता फोटो चालेलही. पिठ्या ढेकणाच्या फोटोत मात्र पांढरं मेणच दिसतं. आणि डीएनएचा नमुना जुळवून पाहायचा, तर आधी कुणीतरी अचूक नाव दिलेला कीटक पेटीत असावाच लागतो.

सर्वांत कठीण आक्षेप गुलाबी बोंडअळीचा आहे. तिला एकोणिसाव्या शतकापासून शास्त्रीय नाव आहे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचं, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक) ठेवायची नाही, हेही ठाऊक होतं. तरी 2017 मध्ये महाराष्ट्राचा कापूस तिने पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नुसती ओळख पुरत नाही, हे इथे मान्यच करायला हवं. पण ही अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते आणि तिथे फवारा पोहोचत नाही, हे ज्ञान विभागांकडे होतं. ते बांधापर्यंत वेळेत आणि ठामपणे पोहोचलं नाही. यावरून विभागांना गावात जायला माणसं आणि साधनं दिली पाहिजेत, असा निष्कर्ष निघतो. संग्रह गुंडाळा, असा नाही.

विद्यापीठांना म्हणूनच सांगणं आहे की वर्गीकरण जाणणाऱ्या माणसांच्या जागा भरा. एक नजर निवृत्त झाली तर दुसरी तिच्या हाताखाली आधीच तयार झालेली असू द्या. आणि शेतकऱ्यांना विनंती: अनोळखी कीड दिसली तर दुकानात जाण्याआधी ती खाल्लेल्या पानासकट, भोकं पाडलेल्या डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात न्या. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पीक लिहायला विसरू नका.