ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी हे वाचा



मागच्या बैठकीत जाळी, होड्या आणि बोटुकलीचे विषय संपले आणि शेवटी गाडी आली ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. २०१२ सालचा डबा, चार जीबी रॅम. चालू केला की चहा पिऊन आलं तरी उघडलेला नसतो. सभासदाचा फॉर्म भरायला घेतला की मधेच हँग. कुणी म्हणालं, नवीन घ्या. कुणी म्हणालं, त्या पैशात तळ्यात किती बोटुकली सोडून होतील बघा.

दोघांचंही बरोबर होतं. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली, थोडी खटपट केली, एक चूकही केली. ते सगळं इथं लिहितो. बोरगावातच नव्हे, दूधगंगेच्या आणि कृष्णेच्या काठावर बऱ्याच घरात असा एखादा जुना कॉम्प्युटर किंवा पोरांचा शाळेतला लॅपटॉप पडून आहे. त्यांना उपयोग होईल.

आधी अडचण काय ते समजून घेऊ

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडं विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नवीन सापडलेली भोकं बुजवायचं काम कंपनी करत नाही. फाटलेलं जाळं न विणता पाण्यात टाकल्यासारखं आहे ते. काही दिवस मासे मिळतील, पण भोक मोठं होतच राहणार. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदतीची सोय दिली आहे, पण ती फक्त मुदत आहे, कायमचा उपाय नव्हे. विंडोज ७ वाले तर जानेवारी २०२० पासूनच उघड्यावर आहेत.

मग विंडोज ११ टाकू, असं कुणीही म्हणेल. तिला चार जीबी रॅम चालते म्हणतात, पण टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. २०१७-१८ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर तिथंच बाद. काही जण जुगाड करून टाकून देतात, पण पुढं अपडेट येतीलच याची हमी कंपनी देत नाही. आणि चोरीची विंडोज टाकून घेणं तर सगळ्यात वाईट. ज्या कॉम्प्युटरवर सभासदांचे आधार नंबर आणि बँक खाती आहेत, त्यात कुणी काय घुसवलंय हे आपल्याला कळणारसुद्धा नाही.

होडीचं लाकूड चांगलं आहे, फक्त इंजिन जड झालंय. मग होडी मोडायची कशाला? हलकं इंजिन बसवायचं.

हलकं इंजिन म्हणजे लिनक्स

लिनक्स हे नाव ऐकून घाबरू नका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल त्याच्याच गाभ्यावर चालतो, म्हणजे वापरताय तुम्ही रोजच. पैसे लागत नाहीत, लायसन लागत नाही, आणि चोरीचंही नाही.

केरळच्या सरकारी शाळांनी हे आपल्या आधी केलंय. तिथल्या काईट या सरकारी संस्थेनं २०१९ साली दोन लाखांहून जास्त शाळेतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स द्यायचं ठरवलं, आणि त्यानं सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतात असं सांगितलं. आपल्या देशाच्या सी-डॅकचीसुद्धा बॉस नावाची लिनक्स २००७ पासून आहे, तिच्यात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं.

लिनक्सचे प्रकार मात्र ढीगभर आहेत, आणि तिथंच माणूस गोंधळतो. आम्ही आपल्या कामापुरती निवड अशी केली:

चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, सगळं जुन्या विंडोजसारखं. ज्यानं विंडोज ७ वापरलंय त्याला तासाभरात सवय होते. २२ क्रमांकाच्या मिंटला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अडलं तर मदत शोधायलाही सोपी, कारण वापरणारे खूप आहेत. नवशिक्याला आम्ही हीच सांगू.

दोनच जीबी रॅम असेल तर लुबंटू बघा. मिंट दोन जीबीवर चालू होते, पण ब्राउझर उघडला की दम लागतो.

फारच जुना, ३२ बिटचा कॉम्प्युटर असेल तर अँटीएक्स किंवा पपी लिनक्स. चालतात, पण दिसायला वेगळे आहेत. आजोबांच्या हातात लगेच देऊ नका, घरातल्या पोरानं आधी शिकून घ्यावं.

फक्त इंटरनेटचंच काम असेल तर गुगलची क्रोमओएस फ्लेक्स. तिला चार जीबी रॅम आणि गुगल खातं लागतं. नेट गेलं की मात्र फारसं काही करता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट आणि रेंजचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून ऑफिससाठी आम्ही ती घेतली नाही.

आपला कॉम्प्युटर कसला आहे हे बघायला विंडोजमध्ये 'धिस पीसी'वर माउसचं उजवं बटन दाबा, मग प्रॉपर्टीज. रॅम किती आणि ३२ बिट की ६४ बिट, दोन्ही तिथं लिहिलेलं असतं.

दोन भाषांचा प्रश्न

आपण सीमेवरची माणसं. सभासदांची नोटीस मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये. म्हणून आम्ही सगळ्यात आधी टायपिंग तपासलं. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडता येतात, दोन बटनं दाबली की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट येत असेल तर फारच सोपं, मराठीचा 'क' ज्या बटनावर, कन्नडचा 'क' पण त्याच बटनावर. एक गंमत सांगतो. तिथं मराठीसाठी 'कगप' नावाचा एक फोनेटिक कीबोर्ड आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद! कन्नडसाठी केलेली पद्धत मराठी टाइप करायलाही कामाला येते.

पण इथं एक सावधगिरी. श्रीलिपी किंवा जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली नव्या ठिकाणी उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. असे जुने ठराव आणि याद्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये करून घ्या, निदान पीडीएफ तरी करून ठेवा.

काय चालतं, काय चालत नाही

राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यावरची नोंदणी, मत्स्यसंपदा योजनेची माहिती, सेवा सिंधू, बँकेचं नेटबँकिंग, व्हॉट्सॲप वेब, ही कामं ब्राउझरमधली आहेत. फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच असतो. पत्र आणि हिशोबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस येतं, वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. क्वचित रकाने थोडे हलतात, छापायच्या आधी नजर टाका.

टॅली मात्र लिनक्सवर सरळ चालत नाही. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, काही जुने लेझर प्रिंटर, यांचंही तसंच, आधी तपासल्याशिवाय भरवसा धरू नका. ज्यांचा सगळा हिशोब टॅलीत आहे त्यांनी तो कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवावा आणि इंटरनेटचं काम दुसऱ्यावर करावं.

आमची चूक

आता लाजत लाजत सांगतो. उत्साहाच्या भरात आम्ही बॅकअप घेतला, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट बघितलं, आणि फॉरमॅट मारला. दोन दिवसांनी लक्षात आलं, कॉम्प्युटरवर दुसरं एक लॉगिन होतं. दोन वर्षांची सभासद ठेवींची यादी त्या लॉगिनच्या डेस्कटॉपवर होती. गेली. वह्या होत्या म्हणून वाचलो. तिघांनी बसून चार संध्याकाळी परत टाइप केली. एका वहिनींनी विचारलं, "आमचे पैसे तर गेले नाहीत न्हवं?" त्या प्रश्नानं झोप उडाली होती. पैसे सुरक्षित होते, पण विश्वास हीच सोसायटीची खरी ठेव, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून आता आमचा क्रम असा:

१. कॉम्प्युटरवरची सगळी लॉगिनं, सी आणि डी ड्राइव्ह, सगळं बघून बॅकअप घ्या. दोन ठिकाणी. एक ऑफिसात, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, उंचावर. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा, मग दोन ठिकाणी का ते सांगायला नको.

२. बॅकअपमधल्या चार-पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली तरच बॅकअप.

३. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाईल उतरवा आणि रुफस या फुकट प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं.

४. कॉम्प्युटर चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, ज्याचं जे बटन असेल ते दाबून पेन ड्राइव्ह निवडा. आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालते. इन्स्टॉल दाबत नाही तोवर आतल्या डिस्कला हात लागत नाही. आठवडाभर असंच वापरा. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी, कन्नड, सगळं तपासा.

५. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा. जागा असेल तर विंडोज शेजारी राहू द्या, सुरू करताना कुठलं हवं ते निवडता येतं.

आणि थोडा खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करा. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की सगळ्यात मोठा फरक पडतो. त्यानंतर रॅम. ऑफिसातला डबा आता चहाचं पाणी उकळायच्या आत उघडतो. दहा-बारा टॅब एकदम उघडले तर अजून दमतो, पण दोन-तीनवर बिनतक्रार चालतो.

नवीन कॉम्प्युटर कधीच घ्यायचा नाही असं आमचं म्हणणं नाही. पण यंदा ते पैसे पाण्यात गेले, म्हणजे बोटुकलीत गेले, आणि कॉम्प्युटरचं कामही अडलं नाही.

घरी जुना लॅपटॉप असेल तर ऑफिसात घेऊन या. पेन ड्राइव्ह आमच्याकडं तयार आहे, लावून दाखवतो. पोरांना बरोबर आणा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. फक्त येताना बॅकअप घेऊनच या. आमची चूक तुम्ही परत करू नका.