वरून डोळे टपोरेच दिसतात

सकाळी ८. एनआयसीयूत सिस्टरनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायला घेतलेत. गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपायचा. किलोभराच्या जिवात तेवढंही औषध मुरलं तर रक्तदाब वाढू शकतो. तपासणीआधी तासभर दूध बंद, नाहीतर उलटी होऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती.

९.१५. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. जिभेवर साखरेचं पाणी, डोळ्यात बधिरतेचा थेंब, पापण्यांना बारीक तारेचा चिमटा. माझ्या डोक्यावर दिवा, हातात भिंग. पडद्याची कड दिसावी म्हणून डोळा बाहेरून हलकेच दाबावा लागतो आणि तेवढ्यानेही बाळाचे ठोके उतरतात. "मॅडम, ऐंशी!" म्हणताच हात बाजूला. मॉनिटर सावरला की पुन्हा.

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास निघतात आणि चाळिसाव्याच्या आसपास टोकाच्या कडेला पोचतात. हिच्या वाटेतच थांबल्या. पुढचा भाग उपाशी, म्हणून सीमेवर नको त्या वाहिन्यांची गर्दी. त्या पुढे पडदा ओढतात, तो सुटला की दृष्टी गेली. आत मागच्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्यात. आता थांबायचं नाही. उपचार दोन-तीन दिवसांत व्हायलाच हवा. आजच करू.

११. ओपीडी. "डोळे टपोरे आहेत की हो, दिव्याकडे बघतंय पण," एक आजी म्हणतात. खरंय आजी, वरून काहीच दिसत नाही. या आजाराचा सगळा घात तिथेच आहे.

१.३०. डबा, अर्धाच.

२.३०. लेझर. भूलतज्ज्ञ शेजारी. रक्तवाहिन्या न पोचलेल्या भागावर ठिपक्याला ठिपका लावत जायचं; तो भाग शांत झाला की वाहिन्यांचा उपद्रव ओसरतो. कडेची थोडी नजर देऊन मधली राखायची, असा हा सौदा आहे. डोळ्यात इंजेक्शनचा पर्यायही असतो, आणि आजार पडद्याच्या अगदी मध्याजवळ असेल तर तोच बरा. पण इंजेक्शननंतर आजार काही आठवड्यांनी परत डोकं काढू शकतो, तेव्हा फेऱ्या लांबतात. हिचा आजार मध्यापासून दूर, आणि आईला दोन एसट्या बदलून यावं लागतं. म्हणून लेझरच. दोन्ही डोळे होईतो मान आखडली.

५. न आलेल्यांना फोन. "बाळ छान आहे, पुढच्या महिन्यात येतो." नाही दादा, उद्याच या. 1996 साली तमिळनाडूत सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या मुलीच्या आईवडिलांना ही तपासणी कुणी सांगितलीच नाही. तिची दृष्टी गेली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पावणेदोन कोटींहून जास्त भरपाई दिली.

६.३०. घरी निघताना कार्डं भरून ठेवली. तुमच्या घरात चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत बाळ जन्मलं, तर डिस्चार्ज घेतानाच डोळ्यांच्या तपासणीची तारीख मागून घ्या. पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत; बाळ अठ्ठावीस आठवड्यांआधीचं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.