विजयस्तंभ हा आमचा पुरावा आहे

दरवर्षी १ जानेवारीला भीमा नदीच्या काठी निळा सागर उसळतो. खेड्यापाड्यांतून आलेल्या आयाबहिणी लेकरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहतात. समता सैनिक दलाचे सैनिक मानवंदना देतात. आम्हीही नतमस्तक होतो, स्टॉलवरून एखादे पुस्तक घेतो आणि परततो. परंतु बांधवांनो, त्या स्तंभावर कोरलेली नावे आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहेत?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. सुमारे ५०० पायदळ, अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि थोडे युरोपीय गोलंदाज, एवढेच बळ. रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचतात तो समोर दुसऱ्या बाजीरावाची अफाट फौज! दिवसभर गल्लीबोळांतून लढाई चालली. नदी हाकेच्या अंतरावर, पण शत्रूच्या वेढ्यामुळे पाण्यापर्यंत जाता येईना. उपाशीतापाशी, तहानेने व्याकूळ झालेले ते सैनिक हटले नाहीत. रात्र पडल्यावर त्यांना पाणी मिळाले. पेशव्यांच्या फौजेला गाव घेता आले नाही, तिला निघून जावे लागले. कंपनीच्या तुकडीतील सुमारे २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

१८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर ४९ नावे आहेत. त्यातील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. शामनाक, भागनाक, राजनाक! हे आमचे महार पूर्वज. ज्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कंबरेला झाडू बांधून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविले, त्याच पुण्याच्या वाटेवर अस्पृश्यांची नावे दगडात कोरली गेली.

येथे वकील म्हणून आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अनेक व्यासपीठांवरून '५०० महारांनी २८ हजार पेशव्यांना कापून काढले' असे सांगितले जाते. बाजीरावाची फौज अंदाजे २८ हजार होती हे खरे. पण ती सगळी गावात उतरून लढली नाही. आणि कंपनीच्या पलटणीत महारांच्या बरोबरीने मराठा, मुस्लिम व इतर शिपाईही होते. तेही मेले, त्यांचीही नावे त्याच दगडावर आहेत. कोर्टात खरा साक्षीदार एक वाक्य वाढवून बोलला, तर विरोधी वकील त्याच वाक्यावर उलटतपासणी करून सगळी साक्ष संशयास्पद ठरवतो. २०१८ मध्ये दोनशेव्या वर्षी तेथे हिंसाचार झाला, एका तरुणाला जीव गमवावा लागला. नंतर चौकशी आयोगापुढे हा इतिहासही मांडला गेला. म्हणून आमचा पुरावा चोख हवा. २२ नावे पुरेशी आहेत. त्यांना फुगवण्याची गरज नाही.

'ते तर इंग्रजांसाठी लढले' असे मनुवादी हिणवतात. होय, ते कंपनीचे पगारी शिपाई होते. पेशव्यांच्या बाजूने अरब शिपाई लढले, तेही पगारीच. मग देशद्रोहाचा शिक्का फक्त आमच्याच पूर्वजांवर का?

आणि इंग्रजांनी तरी या रक्ताची काय किंमत केली? १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. ज्यांच्या नावांचा स्तंभ उभारला, त्यांच्याच नातवंडांना 'तुम्ही लढवय्ये नाही' म्हणून दार बंद!

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाला मानवंदना देण्यास गेले ते हा सगळा हिशेब मनात ठेवूनच, असे आम्ही मानतो. ते स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. कोरेगावात पाणी अडवले ते शत्रूने, महाडात अडवत होते ते आपलेच गाववाले. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांनाच विचारले की, तुमच्या राज्यात आम्हाला विहीर मिळाली का, सैन्यात जागा मिळाली का? पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

कोरेगावचा धडा हाच आहे. मालकासाठी सांडलेल्या रक्ताने स्तंभ मिळतो, हक्क मिळत नाहीत. हक्क मिळाले ते संविधानाने. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ते कलम राबवून घेण्याची लढाई आजही तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. ती शामनाक-भागनाकांची नव्हे, आपली लढाई आहे.

म्हणून पुढच्या १ जानेवारीला लेकरांना स्तंभाजवळ न्या, बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवा, सगळी ४९. आजोबा-पणजोबांचे लष्करी कागद, पदके ट्रंकेत पडली असतील तर जपा. तोही पुरावाच आहे. शहीद सैनिकांना आमची विनम्र मानवंदना. जयभीम!