लोणावळ्याच्या थंडीहून कितीतरी थंड

जानेवारीत फजरला उठल्यावर लोणावळ्यात वजूच्या पाण्यात हात घालायला धीर होत नाही. याहून थंड काय असणार, असे आपल्याला वाटते. पण हीच लोकल धरून मळवली, कामशेत, तळेगाव मागे टाकत शिवाजीनगरला उतरले आणि पाषाणला गेले, की तिथल्या आयसर पुणे या संस्थेत याचे उत्तर मिळते. प्राध्यापक उमाकांत रापोल यांचा गट तिथे रुबिडियमचे अणू थंड करतो. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या खाली कोणतीच वस्तू जाऊ शकत नाही. एका अंशाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या मोजक्याच भागांइतके हे अणू त्या सीमेजवळ येतात.

नवल म्हणजे यासाठी बर्फ लागत नाही, प्रकाश लागतो. उष्णता म्हणजे अणूंची धावपळ. लेसरचा रंग असा निवडतात की किरणाच्या दिशेने धावणाऱ्या अणूलाच त्याचा धक्का जास्त बसावा. सहा बाजूंनी असे किरण आले की अणू मंदावतो. भोवती हवा काढून घेतलेली असते, नाहीतर खोलीतली ऊब त्याला पुन्हा पळवील.

इतक्या थंडीत अणू वेगळेच वागतात. साध्या वस्तूला ठरावीक पद्धतीने धक्के देत राहिलो तर तिची ऊर्जा वाढतच जाते. हे अणू मात्र काही धक्क्यांनंतर आणखी ऊर्जा घेणेच थांबवतात. ही नाजूक शिस्त गोंधळात किती टिकते? रापोल आणि त्यांच्याच संस्थेतले एम. एस. संथानम यांच्या गटांनी धक्क्यांच्या क्रमात मुद्दाम अनियमितपणा आणून ते पाहिले. एका विशिष्ट प्रकारच्या गोंधळात ती नेहमीपेक्षा सावकाश मोडते, असे त्यांना आढळले. २०१७ साली हे काम 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आले.

याचा आपल्याला उपयोग काय, असे अम्मी नक्की विचारणार. उपयोग घड्याळात आहे. मोबाइलवर नमाजची वेळ आणि किबल्याची दिशा दिसते, ती उपग्रहांच्या आधारे; आणि उपग्रहाचे काम अणुघड्याळावर चालते. आपल्या देशाच्या दिशादर्शक उपग्रहमालेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही आयात घड्याळे बंद पडली होती. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकामध्ये याहून अचूक घड्याळावर काम चालू आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, त्यात मोजमापाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. म्हणजे लोणावळ्याच्या एका बाजूला पाषाण, दुसऱ्या बाजूला पवई!

तरीही आमच्या मावळातल्या घरांत दहावीनंतर विज्ञान म्हणजे डॉक्टर, नाहीतर इंजिनीअर. मुलगी असेल तर पुण्याला पाठवायचे की नाही, यावरच बोलणे थांबते. आयसरमध्ये बारावी विज्ञाननंतर आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येते, अभ्यासक्रम पाच वर्षांचा, मुलींसाठी वसतिगृह आहे. गणितात रमणारी पोरगी घरात असेल, तर ही चौकशी अकरावीतच करून ठेवा. बारावीच्या मार्चमध्ये धावपळ केली तर उशीर होतो, हे आम्ही आजूबाजूला पाहिले आहे.