ग्रिल भारी आहे, पण ब्रश पोहोचतो का?

घराच्या खिडक्या बदलायचं ठरलं की कामांची वाटणी साधारण ठरलेली असते. पैशांचं बाबा बघतात, फॅब्रिकेटरशी घासाघीस आई करते आणि तुमच्या वाट्याला एक वाक्य येतं, 'जरा मोबाइलवर चांगली डिझाइन्स बघून ठेव.' मग तुम्ही पिंटरेस्ट उघडता. वेली, कमळं, मोर, षटकोन! पन्नास फोटो सेव्ह होतात, त्यातले दोन फॅमिली ग्रुपवर जातात, मावशी अंगठा दाखवते आणि तुमचं काम संपतं.

खरं म्हणजे महत्त्वाचं काम तिथून पुढे सुरू व्हायला हवं. कारण त्या फोटोत नुसतं दिसणं ठरत नाही. पावसाचं पाणी कुठे साचणार, गंज कुठून लागणार, चार-पाच वर्षांनी रंग द्यायला हात कुठवर जाणार आणि वेळ आलीच तर त्या खिडकीतून बाहेर पडता येणार का, हे सगळं तिथेच ठरतं. त्यामुळे डिझाइन निवडायची जबाबदारी तुमची असेल, तर एक प्रश्न स्क्रीनवरच विचारा : या ग्रिलच्या प्रत्येक कोपऱ्यात ब्रश पोहोचेल का? जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे गंज हमखास पोहोचतो.

गंजाचे लाडके कोपरे

लोखंडी ग्रिल अख्खं एकदम गंजत नाही. गंजाच्या ठरलेल्या जागा असतात. पहिली जागा म्हणजे गज जिथे भिंतीत किंवा खालच्या कट्ट्यात गाडलेला असतो, ती. कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार नसेल तर पाणी गजाच्या पायाशी साचतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. तो फुगतो आणि भोवतीचं प्लास्टर फोडतो, त्या फटीतून आणखी पाणी आत जातं. जुन्या इमारतींत खिडकीच्या कोपऱ्याला जे तडे दिसतात, त्यातल्या अनेकांची गोष्ट इथून सुरू होते.

दुसरी जागा वेल्डिंगचे जोड. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून नुसते टाके मारले, तर मधल्या फटीत पाणी जातं आणि रंग मात्र जात नाही. तिसरी जागा नक्षीतली वळणं. अगदी जवळजवळ गुंडाळलेली वेल फोटोत छान दिसते, पण तिच्या पोटात धूळ आणि ओल साठून राहते. सध्या लेझरने कापलेल्या पत्र्याच्या जाळ्या जोरात आहेत. त्यांची अडचण वेगळी. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून कडेवर थर सगळ्यात पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोकं वर काढतो. अशी जाळी घ्यायचीच असेल, तर कडा घासून बोथट करून द्यायला सांगा.

म्हणजे साध्या गजांवर समाधान मानायचं का? अजिबात नाही. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला किंवा मरीन ड्राइव्हवर एक चक्कर मारा आणि वर बघत चाला. १९३०च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या या आर्ट डेको इमारती, ओव्हलच्या पूर्वेकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांची ग्रिल आणि फाटकं बघा : सरळ रेषा, पायऱ्यापायऱ्यांचे आकार, उगवत्या सूर्याचे किरण, लाटा. आकार मोकळे, मधली जागा भरपूर. खिडक्यांवर पापणीसारखे छज्जे आहेत, ते ऊन-पाऊस अडवतात. नक्षी आणि टिकाऊपणा यांचं भांडण असायलाच हवं असं नाही, हे तिथे फुकटात शिकायला मिळतं.

आत की बाहेर?

हा प्रश्न डिझाइनच्याही आधी विचारायचा. स्लायडिंग खिडकी घेतली, तर ग्रिल बहुतेक वेळा बाहेर जातं. त्यात दोन ट्रॅकची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. म्हणजे ग्रिल चोवीस तास पावसात, आणि रंगवायचं तर अर्ध्या खिडकीतून हात बाहेर काढून. बाहेरची बाजू तर दिसतही नाही. उलट, जुन्या लाकडी खिडक्यांत पल्ले बाहेर उघडायचे आणि गज आत असायचे. पल्ले लावले की गज कोरडे राहायचे आणि खोलीत उभं राहून रंगवता यायचे. आजही बाहेर उघडणारे पल्ले आणि आत ग्रिल अशी रचना करता येते. पल्ले उघडायला-लावायला गजांतून हात जाईल एवढं मात्र पाहावं लागतं.

बाहेरचंच ग्रिल हवं असेल, तर ते भिंतीत गाडण्याऐवजी बोल्टने बसवून घ्या. बोल्ट उघडायची बाजू खोलीच्या आत हवी, नाहीतर चोराचीच सोय. काढता येणारं ग्रिल गच्चीवर नेऊन चारही बाजूंनी रंगवता येतं. बाहेर येणारं बॉक्स ग्रिल करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि त्यात कुंड्यांची रांग लावायचा मोह आवरा. ओल्या मातीचं वजन आणि सतत ठिबकणारं पाणी, दोन्ही त्या ग्रिलच्या जिवावर उठतात. खाली रस्त्याने माणसं चालत असतात, हेही लक्षात असू द्या.

लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम

रंग बदलायची हौस असेल तर साधं लोखंड, म्हणजे फॅब्रिकेटरच्या भाषेत 'एम.एस.', सगळ्यात सोयीचं. ते कुठेही वेल्ड होतं आणि हवं तेव्हा रंगवता येतं. पण निगा मागतं. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात घर असेल तर खारी हवा त्याला लवकर खाते. तिथे जस्ताच्या वितळलेल्या रसात बुडवून काढलेलं, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेलं लोखंड बरं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. मात्र त्यावर थेट ऑइल पेंट लावू नका. जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. आधी गॅल्व्हनाइझ्ड पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर लागतो.

स्टेनलेस स्टील म्हणजे गंजणारच नाही, या भ्रमात राहू नका. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ असे प्रकार मिळतात. स्वस्तातल्या २०२वर किनाऱ्याजवळ लवकर डाग पडतात, ३१६मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त तग धरतं. 'लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४च' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. चुंबक २०२लाही सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच उपाय.

खिडकीची चौकट ॲल्युमिनियमची असेल तर पावडर कोटिंग नीट बघा आणि ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला भोकं आहेत का ते तपासा. यूपीव्हीसीची असेल तर आत स्टीलची पट्टी घातली आहे का, हे विचारा. मोठ्या खिडकीला ताठपणा त्या पट्टीमुळेच येतो. सागवानी चौकट असेल तर ती उगाच काढून फेकू नका. सांधे घट्ट असतील, तर पॉलिश किंवा रंग देऊन ती पुढची कित्येक वर्षं चालते.

वजनाचं गणित

लोखंडी ग्रिल अनेकदा किलोवर विकलं जातं, कधी चौरस फुटावर. चौरस फुटाचा दर घेतला तर लोखंड हलकं वापरायचा मोह होऊ शकतो. त्यावर एक सोपं गणित आहे. भरीव चौकोनी गजाची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि ७.८५ने गुणा. उत्तर येतं ते एका मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. १० मिलिमीटरचा गज मीटरला ७८५ ग्रॅम भरतो, १२चा सुमारे १ किलो १३० ग्रॅम. तोच १२ मिलिमीटरचा गज भरीव नसून १ मिलिमीटर पत्र्याची पोकळ नळी असेल, तर वजन ३५० ग्रॅमच्या आसपास येतं. रंग लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात! पोकळ नळी वाईटच असं नाही, पण तिची टोकं बंद केलेली हवीत. नाहीतर ती आतून गंजते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

रंगवा, पण जपून

दिवाळीच्या सुट्टीत ग्रिल तुम्ही स्वतः रंगवू शकता. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की सुटलेला रंग खरवडा, गंज तारेच्या ब्रशने काढा, पॉलिश पेपर ओला करून घासा, पुसून पूर्ण वाळवा. उघडं पडलेलं लोखंड रात्रभर तसंच ठेवू नका, त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर लावा. मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेली वाळायची वेळ पाळून. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि आतून मऊ राहतो. सुरुवात जोडांपासून आणि पट्ट्यांच्या खालच्या बाजूंपासून करा. समोरची बाजू कुणीही रंगवतं.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ग्राइंडर लावू नका, जाळू तर मुळीच नका. ओलं घासा, एन-९५ मास्क लावा, लहान भावंडांना त्या खोलीत येऊ देऊ नका आणि कचरा ओल्या फडक्याने टिपून घ्या. वरच्या मजल्यावरच्या ग्रिलची बाहेरची बाजू रंगवायला खिडकीबाहेर ओणवं होऊ नका. ते काम सेफ्टी बेल्ट लावणाऱ्या माणसाचं.

बाहेर पडायची वाट

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण ग्रिल बसवतो ते चोर आत येऊ नये आणि मूल बाहेर पडू नये म्हणून. त्यासाठी दोन गजांमध्ये ४ इंचांपेक्षा जास्त मोकळी जागा नको. खालच्या भागात आडव्या पट्ट्यांची नक्षीही नको, कारण लहान मुलांसाठी ती शिडीच. पण घरात आग लागली, दारापर्यंत धूर आला, तर हेच ग्रिल तुम्हाला आत अडकवतं. अग्निशमन दलाची शिडी खिडकीशी आली तरी आधी लोखंड कापत बसावं लागतं, आणि धुरात मिनिटं मोजकी असतात.

म्हणून घरातल्या निदान एका खिडकीच्या ग्रिलला, शक्यतो प्रत्येक झोपायच्या खोलीत, उघडणारा भाग ठेवून घ्या. घरातला सगळ्यात धिप्पाड माणूस त्यातून निघायला हवा. कुलपाची किल्ली बाहेरून हात पुरणार नाही, पण आत अंधारात सापडेल अशा ठरलेल्या खिळ्याला अडकवा. ती कुठे आहे हे आजीपासून सगळ्यांना माहीत हवं. आणि रंगवताना बिजागऱ्या आणि कडी सोडून रंगवा. रंगाने चिकटून बसलेला दरवाजा हा दरवाजा नसतोच. महिन्यातून एकदा उघडून बघा, दोन थेंब तेल टाका.

फॅब्रिकेटर माप घ्यायला येईल तेव्हा तिथे थांबा. गज भरीव की पोकळ, जाडी किती, वेल्डिंग सलग की टाक्यांचं, प्रायमर बसवण्याआधी की नंतर, कट्ट्याला उतार आहे का आणि उघडणारा भाग कुठे, एवढे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या. मोर ठेवायचा की कमळ, हे त्यानंतर ठरवा.